कोपऱ्यातली गोलाई

माझ्या मामाने उभ्या आयुष्यात जेवढ्या वस्तू बनवल्या, त्या सगळ्या मिळून एका चहाच्या किटलीत मावतील. हे मी म्हणत नाही, तो स्वतःच सांगायचा, आणि वर म्हणायचा की किटली काठोकाठ भरणारही नाही, दोन दशांश कमीच पडेल. सत्तावीस वर्षं तो धातू कातण्याच्या हातभर लांबीच्या लेथपुढे डोळ्याला भिंग लावून बसला आणि डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा दांड्या, खिळे आणि चाकं कातत राहिला. त्या लेथवरून त्याला मी उठवलं. एका दुपारी, दहा माणसांसमोर, चार वाक्यांत. गोष्ट त्याची आहे, पण ती सांगताना मला माझं तोंड लपवता येणार नाही.

कारखान्यात त्याला सगळे ‘दशांश’ म्हणायचे. तोंडावर, आणि त्याला ते आवडायचं. भाजीत मीठ कसं झालंय विचारलं तर तो म्हणणार, दोन दशांश जास्त. पायातला बूट चावतोय का, तर एक दशांश. मामी वैतागून म्हणायची, या माणसाशी लग्न करून मी माणसातून उठले, आता मोजपट्टीत जमा झाले. पण तिचंही काही कमी नव्हतं. मामा केसाएवढ्या भोकात दांडी बसवतो आणि घरी सुईत दोरा ओवायला सांगितला की चष्मा शोधत घरभर फिरतो, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. मामा ऐकून घ्यायचा. तो मुळात कमीच बोलायचा, आणि कातताना तर श्वाससुद्धा धरून ठेवायचा. त्याचं म्हणणं, श्वासाने हात हलतो.

कारखाना म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरचा दुसरा मजला. उत्तरेकडे सलग खिडक्या, खिडक्यांना लागून टेबलं, टेबलांवर छोटी लेथ. दहा माणसं. दातांच्या डॉक्टरांची यंत्रं, कॅमेरे, मोजमापाची घड्याळं, औषध थेंबाथेंबाने सोडणारे पंप, यांच्या पोटातले बारीक भाग तिथे तयार व्हायचे. जमिनीवर फिकट रंगाचं गुळगुळीत लिनोलियम होतं आणि ते दिवसातून तीनदा पुसलं जायचं, कारण नग खाली पडला की सापडायला हवा. पडण्याचाही एक नियम होता. ज्याच्या हातून पडला त्याने म्हणायचं, ‘पडला.’ एवढंच. मग दहाच्या दहा माणसं होती तिथे थांबायची. कोणी पाऊल उचलायचं नाही, खुर्ची सरकवायची नाही. पाडणारा पोटावर आडवा व्हायचा आणि बॅटरी जमिनीला टेकवून प्रकाश टाकायचा, म्हणजे नगाची लांब सावली पडते आणि तो दिसतो. मालक स्वतः दारात एक पाय आत, एक पाय बाहेर असे दहा-दहा मिनिटं उभे राहिलेले मी पाहिलेत. एकदा असाच एक हरवलेला नग मामाच्या विजारीच्या दुमडलेल्या काठात सापडला. त्या दिवशी घरी येऊन त्याने मामीकडून सगळ्या विजारींचे काठ उसवून घेतले.

मामा चौथीपर्यंत शिकला. वडील गेले आणि तेराव्या वर्षी त्याला एका घड्याळ दुरुस्तीवाल्याकडे ठेवलं. त्या म्हाताऱ्याने त्याला हात दिला, असं तो म्हणायचा. म्हणजे मदत केली असं नव्हे, खरोखरच हात दिला, बोटांना काम शिकवलं. तिथून तो या कारखान्यात आला. ड्रॉइंग त्याला वाचता यायचं, पण रेघेवर बोट ठेवून, हळूहळू, लहान मुलं धडा वाचतात तसं. आणि ड्रॉइंग काढणाऱ्याबद्दल त्याला इतका आदर की जुने ड्राफ्ट्समन टेबलाशी आले की हा उठून उभा राहायचा. ते बिचारे संकोचायचे. मामाला वाटायचं, आपण जे कातल्यावर बघतो ते या माणसाला आधीच दिसतं, हे काही साधं नाही.

त्याला आणि मामीला मूल झालं नाही. मी होते. माझी आई, म्हणजे त्याची धाकटी बहीण, मी नऊ वर्षांची असताना गेली आणि वडिलांनी मला मामाकडे आणून सोडलं ते सोडलंच. मला वाढवताना त्याच्या मनात एकच होतं: ही ड्रॉइंग काढणार. का, तर मला शाळेत भूमितीत चांगले गुण पडले होते. दोन वर्षांच्या कोर्सला त्याने मला घातलं आणि जुने ड्राफ्ट्समन निवृत्त झाल्यावर मालकांकडे शब्द टाकून मला त्यांच्या जागी बसवलं. दारावरच्या पाटीवर ‘ड्राफ्ट्समन’ हेच राहिलं, बाई बसली म्हणून पाटी कोण बदलतो. तोपर्यंत मी त्याची ‘चिमणे’ होते. त्या दिवसापासून तो मला ‘साहेब’ म्हणायला लागला. सुरुवातीला चेष्टेने. पुढे पुढे त्यातली चेष्टा गेली, आणि ते मला दिसलं नाही, कारण मला ते आवडायला लागलं होतं.

मी हुशार होते, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे मी किती मूर्ख होते हे नीट कळेल.

त्या जागी मी सहा वर्षं होते, आणि तिथली माझी सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे पहिल्याच वर्षी काढलेली, औषधाच्या पंपातली एक दांडी. तांदळाच्या दाण्याच्या निम्मी. मधे जाड, दोन्ही टोकांना बारीक, आणि बारीक भागावर एक दातेरी चाक बसायचं. ते चाक दांडीच्या जाड भागाला अगदी चिकटून बसावं अशी माझी रचना होती. त्यामुळे पंप पूर्वीपेक्षा पातळ झाला आणि गिऱ्हाईक खूश झालं. जिथे जाड भाग संपून बारीक भाग सुरू होतो, तिथला आतला कोपरा मी ड्रॉइंगमध्ये काटकोनात काढला होता. दोन रेघा, एकमेकींना भिडलेल्या, स्वच्छ. कोर्सला शिकवलं होतं की असा कोपरा धारदार ठेवू नये, किंचित गोल करावा, नाहीतर धातू बरोबर तिथूनच तडकतो. पण ते पुस्तकात, मोठ्या दांड्यांबद्दल. एवढ्याशा दांडीला कसला जोर पडतोय, असं मी ठरवून टाकलं. आणि दांड्यांनीही माझीच बाजू घेतली. मामाने सहा वर्षांत त्या दांडीचे चाळीस हजार नग काढले. एकही मोडला नाही.

मामा मला अधूनमधून म्हणायचा, “साहेब, येऊन भिंगातून बघा तरी आपली दांडी, छान दिसते.” मी गेले नाही. मला ती आकड्यांत दिसत होती. जाडी बरोबर, लांबी बरोबर, मायक्रोमीटरवर रोज तपासली जात होती. भिंगाला डोळा लावला की डोळ्याभोवती काळं वर्तुळ उमटतं, तेही मला नको होतं. खोटं कशाला सांगू.

मग मला मोठ्या कंपनीत नोकरी लागली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, काचेची इमारत, तेच औषधाचे पंप पण त्यांचे स्वतःचे, आणि बनवणारी यंत्रं अशी की ड्रॉइंग आत टाकायचं आणि नग बाहेर यायचे. धातू कातणाऱ्या टूलची धारदार टोकं डबीतून नवी निघायची, बोथट झाली की फेकायची. मामा मला सोडायला दारापर्यंत आला आणि रखवालदाराला म्हणाला, आमची ही ड्रॉइंग काढते. रखवालदाराने त्याचं अभिनंदन केलं.

तिथल्या मुख्य डिझायनर एक पोक्त बाई होत्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. त्यांनी माझी पहिली दांडी पाहिली आणि कोपऱ्यावर पेन्सिल ठेवून म्हणाल्या, इथे थोडी गोलाई दे. मी म्हटलं, गोलाई दिली तर चाक जाड भागाला चिकटून बसणार नाही. मग चाकाच्या भोकाची कड मोड, किंचित तिरकी घासून गोलाईला जागा कर, त्या म्हणाल्या. आमच्या जुन्या कारखान्यात चाकाच्या भोकाची कड सगळेच किंचित मोडून घ्यायचे, पण तेव्हा हे मला ठाऊकच नव्हतं, कारण तेही मी कधी बघितलं नव्हतं. मी म्हटलं, काही गरज नाही. माझं डोकं तसं लवकर तापतं, आणि आवाज त्याच्याही आधी. भर मीटिंगमध्ये मी त्यांना सांगितलं की तुम्ही पुस्तकातलं बोलताय, माझ्या चाळीस हजार दांड्या चालू आहेत आणि एकही मोडलेली नाही. चाळीस हजारांपुढे काय बोलणार. बाईंनी कागदावर सही केली. मी जिंकले.

आठ महिन्यांनी पंपांची चाचणी लागली. तीन आठवडे यंत्रं अखंड चालवली आणि दांड्या मोडायला लागल्या. एक नाही, दोन नाही, घाऊक. सगळ्या एकाच जागी, त्याच कोपऱ्यातून. पंप अजून कोणाच्या घरी गेले नव्हते हे नशीब, पण सगळी तुकडी भंगारात गेली. वरच्यांनी मला पंपांवरून काढलं आणि डब्यांच्या झाकणांची ड्रॉइंग काढायला बसवलं. कॅन्टीनमध्ये कोणीतरी चाळीस हजार हा आकडा उच्चारला की टेबलभर हसू फुटायचं.

माझ्याकडे मामाच्या हातच्या काही दांड्या होत्या. त्याने कौतुकाने एका पुठ्ठ्यावर चिकटवून दिल्या होत्या. मी त्या कंपनीच्या मायक्रोस्कोपखाली धरल्या. पहिलीच्या कोपऱ्यात गोलाई होती. नाजूक, एकसारखी, डोळ्यांना सुख वाटावं अशी. दुसरीतही तशीच. सगळ्यांत.

म्हणजे मामाला माझी चूक पहिल्या दिवसापासून दिसत होती. तो ती न बोलता, माझ्या मागे, हळूच दुरुस्त करत होता. लहान मुलाचं चित्र मोठ्या माणसाने हात धरून नीट करावं आणि मग सगळ्यांना दाखवत फिरावं, तसं. हा विचार एकदा डोक्यात शिरला आणि मग दुसऱ्या कुठल्या विचाराला आत जागाच उरली नाही. त्याच दुपारी अर्धी रजा टाकून मी जुन्या कारखान्यात गेले.

जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. सगळे आपापल्या टेबलाशी होते. मामाने मला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. मी तो पुठ्ठा त्याच्यासमोर आपटला.

“तू माझी चूक सहा वर्षं गुपचूप झाकत राहिलास,” मी म्हटलं. “मला एकदाही सांगितलं नाहीस. तुझ्या या उपकारांनी मी अडाणी राहिले आणि आज चारचौघांत तोंडावर आपटले. ड्रॉइंगमध्ये आहे तेवढंच करायचं, बाकीचं शहाणपण तुला सांगितलं होतं कोणी?”

नग न पडताच कारखाना थांबला होता. मामाने भिंग डोळ्याला लावलं, पुठ्ठा उचलून एकेक दांडी बघितली, खूप वेळ घेऊन. मग भिंग काढलं. “आहे खरं,” तो म्हणाला. पलीकडच्या टेबलावर दांड्यांची टोकं चकचकीत करणारी बाई बसायची, तिला मी लहानपणापासून पॉलिशकाकू म्हणत आले. ती काहीतरी बोलायला उठली होती. मामाने तिच्याकडे पाहिलं आणि ती खाली बसली. मी त्याचा अर्थ असा लावला की सगळ्यांनाच माहीत होतं आणि सगळेच सामील होते. मी जिना उतरून निघून आले.

चार दिवसांनी मामीचा फोन आला. मामाने मालकांकडे जाऊन लेथ सोडला होता. माझ्या हातून ड्रॉइंगच्या बाहेर जातं, मला मोजणीच्या टेबलावर टाका, असं तो म्हणाला. मालकांनी समजावलं, रागावले, शेवटी हरले. त्याच्याएवढा हात दुसऱ्या कोणाचा नव्हता, आणि तो माणूस आता शंभर शंभर नग मोजून छोट्या पिशव्यांत भरत होता. तू येऊन एकदा बोल त्याच्याशी, मामी म्हणाली. मी म्हटलं, त्याला त्याची चूक कळली असेल, चांगलंच झालं. मला तो सरळसरळ कबुलीजबाब वाटला. निर्दोष माणूस असा कशाला उठून जाईल, असा माझा हिशेब.

मी कंपनीजवळ खोली घेतली. घरी जाणं हळूहळू सुटलं. गेले तर चहापुरती, टेकल्यासारखं करून परत. मामा दार उघडायचा, या साहेब, म्हणायचा, आणि मग आम्ही तिघं हवापाण्यावर बोलत बसायचो. मामी डबा द्यायला लागली की मी म्हणायची, नको, वाटेत सांडेल. अशी नऊ वर्षं गेली. एकदा मी अचानक गेले तेव्हा तो टेबलाशी बसून माझ्या जुन्या ड्रॉइंगवरून बोट फिरवत होता. मला पाहून त्याने ते घडी करून ठेवलं. काय बघत होतास, असं मी विचारलं नाही.

नोकरीत मात्र माझं बरं झालं. झाकणांवरून मी परत पंपांवर आले, मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या खुर्चीपासून दोन खुर्च्यांच्या अंतरावर मी पोचले. कोपऱ्याची गोलाई लिहिल्याशिवाय माझ्या हाताखालून एक कागद सुटत नसे. नव्याने येणाऱ्यांना मी एक गोष्ट हमखास सांगायची. एक कारागीर होता, तो डिझायनरच्या चुका न सांगता दुरुस्त करायचा, आणि त्या प्रेमाने त्याने तिचं वाटोळं केलं. म्हणून बनवणाऱ्याला नेहमी सांगा की कागदावर आहे तेच कर. गोष्ट छान रंगायची. लोक वहीत लिहून घ्यायचे.

मागच्या वर्षी मालक थकले आणि जुना कारखाना बंद झाला. मामा त्याच्या दोन वर्षं आधी घरी बसला होता. आमच्या कंपनीला नमुन्याचे नग हाताने काढायला माणसं हवी होती, म्हणून पॉलिशकाकूला मीच बोलावलं, कातायचं तिलाही येत होतं. कारखान्याचा एक जुना लेथही आम्ही घेतला. पहिल्या दिवशी मी तिच्याशेजारी उभी होते. तिने नवं धारदार टूल घेतलं, लेथवर लावण्याआधी तेलाच्या दगडावर त्याचं टोक तीनदा फिरवलं, हलकेच, गोल. मग पुसलं आणि लावलं.

मी विचारलं, हे काय केलंस. काकू म्हणाली, काय म्हणजे, टोक मारलं. नवं टूल लावलं की दगडावर तीन हात, नाहीतर नगावर चरे पडतात आणि पॉलिश करता करता माझा जीव जातो. दशांशने सगळ्यांना तेच शिकवलंय, त्याला त्याच्या घड्याळवाल्या म्हाताऱ्याने शिकवलं होतं. आमच्याकडे कोणीही टूल तसंच कोरं लावत नसे.

“सगळ्याच नगांना?” मी म्हटलं. “फक्त माझ्या दांडीला नाही?”

“सगळ्याच. तुझ्या दांडीत काय विशेष होतं?”

टूलचं टोक गोल असलं की कोपराही गोलच निघणार. त्यात दुरुस्ती नव्हती, उपकार नव्हते, गुपित तर नव्हतंच. पृष्ठभाग गुळगुळीत यावा म्हणून मारलेले तीन हात, आणि त्यात माझा कोपरा आपोआप वाचला होता. कंपनीत टोकं कोरीच लागत होती, म्हणून तिथे तो तडकला. मामाला माझी चूक कधी दिसलीच नव्हती. तो ड्रॉइंगमध्ये चूक शोधणारा माणूसच नव्हता, ते काढणाऱ्यासमोर तो उठून उभा राहायचा. हे मला ठाऊक होतं. सोळा वर्षं मी त्याच्या घरात राहिले होते.

मी स्टुलावर बसले. त्या दिवशी तू बोलली का नाहीस, असं मी काकूला विचारलं. ती म्हणाली की ती उठली होती, पण मामाने नजरेनेच थांबवलं. मागाहून सगळे आपसांत बोलले, की या पोरीला टूलचं टोक मारतात एवढंसुद्धा माहीत नाही, आणि दशांशने तिची चारचौघांत लाज राखली. सगळ्यांना ठाऊक होतं. मालकांनाही, दुसऱ्याच दिवशी कळलं. म्हणजे आता हिंडून कोणापुढे त्याची बाजू मांडावी, तर ती पटवून द्यावी असं माणूसच उरलं नव्हतं. नऊ वर्षं त्याला दोषी धरणारी मी एकटी होते, असं मला तेव्हा वाटलं.

रविवारी सकाळी घरी गेले. रस्त्याने मनात सगळं जुळवत होते. माफी मागायची, मग त्याला सोमवारी गाडीत घालून कंपनीत न्यायचं, त्या जुन्या लेथवर बसवायचं, नव्या पोरांसमोर. मामा स्वयंपाकघराबाहेरच्या टेबलाशी मटार सोलत होता. एक शेंग उघडायला त्याला तीनदा अंगठा लावावा लागत होता, आणि दाणे वाडग्यात कमी आणि टेबलावर जास्त पडत होते. लेथचं मी पुन्हा मनातसुद्धा आणलं नाही.

समोर बसले आणि मीही शेंगा ओढून घेतल्या. मग त्याला काकूचं सांगितलं, दगडाचं, तीन हातांचं. तो लक्ष देऊन ऐकत होता, जुन्या कामाची गोष्ट निघाली म्हणून खूशही होता. चरे पडतात ना, म्हणाला, घासलं नाही तर.

“म्हणजे माझ्या ड्रॉइंगमधली चूक तुला दिसली नव्हती,” मी म्हटलं.

“मला कुठली दिसायला, साहेब.”

“मग त्या दिवशी बोलला का नाहीस? काकू म्हणते, माझी लाज राखायला गप्प बसलास.”

मामाने शेंग खाली ठेवली. त्याला आठवायला वेळ लागला नाही, शब्द जुळवायला लागला. लाजबिज काही नाही, म्हणाला. पॉलिशवालीला गप्प केलं ते एवढ्यासाठी, की तू घाईत होतीस, तिचं लांबण लागलं असतं.

“मला वाटलं, चुकलंच असणार माझं,” तो म्हणाला. “तू शिकलेली. तू म्हणालीस की कागदावर नाही ते मी नगावर केलं. भिंगातून बघितलं, तर होतंच की तिथे. कधी झालं, कसं झालं, मला कळेना. सत्तावीस वर्षं मी काय काय बिघडवून ठेवलं असेल कोणास ठाऊक, असं वाटलं. मग टूलला हात लावायला धीर होईना. मालक म्हणायचे, तुझं काही चुकलं नाही, पण ते समजूत घालायला म्हणतात असं वाटायचं. पुढे कधीतरी ते ड्रॉइंग काढून बसायचो, कुठे चुकलो ते सापडतंय का बघायला. नाही सापडलं.”

लाज राखली म्हणाला असता, तर मी रडले असते आणि मोकळी झाले असते. मला तेवढंही मिळालं नाही. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला होता, बस. मी म्हटलं म्हणून त्याने स्वतःच्या हातांवरचा विश्वास काढून घेतला आणि घरी बसेपर्यंत पिशव्या भरल्या. त्याला दोषी मानणारी मी एकटी नव्हते. आम्ही दोघं होतो.

मी त्याला सांगितलं, शक्य तितकं सावकाश, की चूक माझ्या कागदात होती. गोलाई हवीच होती. त्या गोलाईमुळेच सगळ्या दांड्या टिकल्या आणि ती नव्हती म्हणून माझ्या मोडल्या. मी जे बोलले ते चुकीचं होतं, आणि मला माफ कर. माफीचं त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. तो आधीच्या वाक्यापाशीच थांबला होता.

“म्हणजे मी बिघडवलं नव्हतं?”

“नाही, मामा.”

“चाळीस हजारांतला एकही?”

“एकही नाही.”

तो थोडा वेळ टेबलावरचे दाणे एका हाताने गोळा करत राहिला. मग स्वयंपाकघराकडे वळून मामीला हाक मारली. “अगं, ऐकलंस का? माझं काही चुकलं नव्हतं म्हणते ही.”

मामी हात पुसत दारात आली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. “मी नऊ वर्षं दुसरं काय सांगतेय तुम्हाला?” ती म्हणाली.

“तुझं सांगणं वेगळं,” मामा म्हणाला. “हिला त्यातलं कळतं.”